एका दिवसात दोन देश: लेसुतुच्या सीमेवर सायकल, आणि एक प्रश्न

रानवाट
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली, नोकरीसाठी जोहान्सबर्गला आहे. इथले सायकलवाले शनिवार-रविवारी शहराबाहेर पडतात तसा मीही पडतो, पण गेल्या शनिवारी जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय. शेवटी एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला खरंच हवंय.

रस्ता असा: दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात फोरीसबर्ग नावाचं छोटं गाव, तिथून खाली कॅलेडन्सपूर्टची सीमाचौकी, ओलांडली की लेसुतु. मग बुथा-बुथे, ह्लोत्से, मापुत्सुए असं नदीच्या त्या बाजूने जायचं आणि संध्याकाळी पूल ओलांडून फिक्सबर्गला परत दक्षिण आफ्रिकेत. ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर. लेसुतुला चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका आहे, देश केवढा तर साधारण पुणे आणि नगर जिल्हे एकत्र केले तर होईल तेवढा, आणि पूर्ण देशात १,००० मीटरच्या खाली जमीनच नाही. सगळ्यात सखल जागाच १,४०० मीटरवर.

सकाळी सहाला निघालो तेव्हा बोटं बधिर झालेली. सप्टेंबर म्हणजे इथे थंडी संपत आलेली असते, पण पहाटे अजून बोचते. वणवा पसरू नये म्हणून रस्त्याकडेचं गवत आधीच जाळून टाकतात, त्याचा काळा पट्टा आणि वास. पिवळ्या वालुकाश्माचे कडे, पॉप्लरची उघडी झाडं, आणि दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. सीमेपर्यंतच्या दहाबारा किलोमीटरमध्ये मला एक ट्रॅक्टर आणि केकाटणारे हदीदा पक्षी, बस. माणूस नाही. फाटकांना कुलपं.

चौकीवर मला चालत येणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. पुढे मागे ब्लँकेट पांघरलेल्या बायका, डोक्यावर मक्याच्या पिठाची पोती, म्हणजे आठवड्याचा बाजार या देशातून त्या देशात. मधली नदी कॅलेडन, त्यांच्या भाषेत मोहोकारे. मी पुलावर थांबून खाली बघितलं, पाणी जेमतेम घोटाभर. एवढ्याशा पाण्यावर सीमा आहे हे पटेना.

आणि पूल संपला की माणसंच माणसं. घोड्यावर बसून जाणारे, पाण्याचे कॅन ढकलगाडीवरून नेणारी पोरं, शेअर टॅक्सीवाले हॉर्न मारून विचारणार बसतोस का. घराघरापुढे पीचची झाडं गुलाबी फुललेली, आणि त्याच घरांच्या मागे जमीन ओघळींनी अशी फाटलेली की आत बैल उभा राहिला तर दिसणार नाही. दोंगा म्हणतात त्याला. एका वळणावर काळ्या कपड्यांतली मोठी गर्दी गात चाललेली. शनिवार हा इथे अंत्यविधीचा दिवस. मी उतरलो, हेल्मेट काढून उभा राहिलो. एक म्हातारे गृहस्थ रांगेतून बाहेर येऊन माझ्याशी हात मिळवून परत रांगेत गेले. काही बोलले नाहीत.

आता प्रश्न. बुथा-बुथे सोडल्यावर वारा समोरून, चढ लागला, मी पायडलवर उभा. एक नऊदहा वर्षांचा मुलगा धावत आला आणि कॅरिअरला हात लावून मला ढकलायला लागला. चढ संपेपर्यंत ढकलत आला. मग दम खात म्हणाला, "स्वीट्स?" माझ्याकडे बहिणीने लोणावळ्याहून आणलेली चिक्की होती, एक पाकीट. दिलं त्याला एक. कुठून कोण जाणे वीसेक पोरं आली. वाटली जेवढी होती तेवढी. शेवटी एक बारकी मुलगी उरली, पाच वर्षांची असेल, तिने हात पुढे केला आणि माझ्याकडे काही नव्हतं. ती रडली नाही, हात तसाच ठेवून उभी राहिली. पुढचे साठ किलोमीटर मला तोच हात दिसत होता.

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी सांगा. द्यायचं की नाही? दिलं तर काय, कसं? आणि नसेल द्यायचं तर त्या पोराने जे ढकललं त्याचं काय?

चाकोरी
फोटो कुठेत? पीचच्या फुलांचा एक तरी टाका.

मंदार_नाशिक
भारी लिहिलंय. उत्तर सरळ आहे, देऊ नका. मी भंडारदऱ्याच्या बाजूला दर पावसाळ्यात जातो. दहा वर्षांपूर्वी तिथली पोरं आमच्याकडे बघून हात हलवायची. मग वीकेंडची गर्दी वाढली, गाडीतून चॉकलेटं फेकायला लागले लोक. फेकायला, हातात द्यायला पण नाही. आता सायकल दिसली की पोरं रस्त्याच्या मधोमध येतात, उतारावर आपण पन्नासच्या स्पीडला असतो, गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाचं कॉलरबोन गेलं एका पोराला वाचवताना. पोरगं वाचलं हे नशीब. गोळी देणारा पुढे निघून जातो, त्याच्यामागून येणाऱ्याला आणि त्या पोराला भोगावं लागतं.

सुलभाताई
मंदार, तुमच्या मित्राचं वाईट वाटलं. पण मी दुसऱ्या बाजूने सांगते. अकोले तालुक्यात मी एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, म्हणजे तुम्ही ज्या मुलांबद्दल बोलताय ती माझी मुलं. त्यांना गोळीची भूक नसते हो. गोळी मागणं हा त्यांना माहीत असलेला एकमेव शब्द असतो पाहुण्याशी बोलायचा, कारण आधीच्या पाहुण्यांनी तोच शिकवलेला. आमच्या शाळेसमोर एकदा दोन सायकलवाले पाणी प्यायला थांबले. मी म्हटलं पाणी देते, पण दहा मिनिटं मुलांशी बोला. त्यांनी सायकल उलटी केली आणि गिअर कसा बदलतो ते दाखवलं, एकेकाला पायडल हाताने फिरवू दिलं, घंटी वाजवू दिली. सत्तेचाळीस मुलं. एकानेही काही मागितलं नाही त्या दिवशी.

रानवाट, त्या मुलाने तुम्हाला ढकललं ते गोळीसाठीच असं धरून चालू नका. मुलांना चाक ढकलायला आवडतं.

पिंट्या_कोप
सुलभाताई, कडक. "चाक ढकलायला आवडतं" वाचून मला माझा टायर आठवला, काठीने हाणत गावभर.

आनंदयात्री५८
रानवाट, लेसोथो लिहितात ना? तुम्ही सगळीकडे लेसुतु लिहिलंय.

रानवाट
@आनंदयात्री, लिहिताना लेसोथो, म्हणताना लेसुतु. त्यांच्या लिपीत अशा बऱ्याच गमती आहेत. नमस्कार करताना "लुमेला" लिहितात पण म्हणायचं "दुमेला", कारण तिथे इ आणि उ च्या आधी आलेला ल हा द होतो. मोठ्या पुरुषाला "दुमेला न्ताते", बाईला "दुमेला म्मे". न्ताते म्हणजे वडील, म्मे म्हणजे आई, ओळख असो नसो. आपण अनोळखी माणसाला काका-मावशी म्हणतो त्याच्याही एक पायरी पुढे. आणि नुसतं हाय करून निघून जाणं तिथे उद्धटपणा समजतात, थांबून कसे आहात, बरे आहात हे सगळं व्हायला हवं. मी सकाळी घाईत दोघातिघांना टाळलं, मग चढावर एका आजींनी मला थांबवून आधी नमस्कार करायला लावला, नंतर रस्ता सांगितला.

@चाकोरी, टाकतो रात्री. त्या अंत्ययात्रेचा काढला नाही.

वेणू_
दुमेला न्ताते रानवाट. वाचतेय.

पुणेरी_चाक
आमच्यासाठी काही आहे का त्या देशात?

रानवाट
@पुणेरी_चाक, आहे की. त्यांच्या भाषेत मक्याला "पूने" म्हणतात. ब्लँकेटवर मक्याच्या कणसाची नक्षी असते, तिचंही नाव पूने, सुबत्तेची खूण. हातगाडीवर एक बाई मला सांगत होत्या "पूने, पूने", मी म्हटलं हो हो, तिथलाच.

पुणेरी_चाक
बास, तिकीट काढतो.

जोबर्गकर
रानवाट, मी एकोणीस वर्षं इथे आहे, फिक्सबर्गला कामासाठी दर महिन्याला जाणं होतं. तुमचं लिखाण आवडलं पण एक बाजू राहिली. नदीच्या या काठावर माणूस दिसला नाही, फाटकाला कुलूप, हे खरं. पण ते कुलूप का हे पण लिहा. इथे गुरं चोरीला जातात आणि रात्रीतून नदी ओलांडून पलीकडे नेतात. घोटाभर पाणी आहे ना, गुरांनाही तेवढंच. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या दोन वर्षांत एकतीस गायी गेल्या, तो माणूस रात्री झोपत नाही. तो गोरा आहे म्हणून त्याचं दुःख कमी होत नाही.

रानवाट
@जोबर्गकर, मान्य, ते लिहायला हवं होतं. आणि चोऱ्या लेसुतुच्या आतही होतात, तिथल्या गुराख्यांची गुरंही जातात, हे मला बुथा-बुथेत चहा पिताना एकाने सांगितलं.

पण मग आणखी मागे जाऊया. ती या काठावरची चांगली काळी जमीन आधी कोणाची होती? बसुतु म्हणजे लेसुतुच्या लोकांचा राजा मुश्वेश्वे, जन्म तिकडे ह्लोत्सेच्या लेरिबे जिल्ह्यातला, आधी बुथा-बुथेच्या डोंगरावर आणि १८२४ पासून थाबा बोसिउच्या पठारी किल्ल्यावर राहिला. कॅलेडनच्या दोन्ही काठांवर त्याची माणसं शेती करत होती. १८५८ मध्ये आणि परत १८६५ पासून फ्री स्टेटच्या बोअर म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांशी लढाया झाल्या, पिकं जाळली. १८६८ ला त्याने इंग्रजांचं संरक्षण मागितलं, १८६९ च्या करारात ही नदी सीमा झाली आणि पश्चिमेचा काठ कायमचा गेला. फिक्सबर्ग हे गाव त्या लढाईतल्या सेनापती फिकच्या नावाने आहे, वसवलं १८६७ ला. कराराच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १८७० ला, मुश्वेश्वे गेलाच. उरलेल्या माणसांनी मग डोंगरउतार नांगरले. त्या ओघळी मी पाहिल्या त्या तिथून सुरू होतात. तुमच्या मित्राच्या कुलपाला आणि त्या ओघळींना मी वेगळं काढू शकत नाही.

जोबर्गकर
इतिहास मला माहीत आहे. आज जो माणूस त्या जमिनीवर आहे त्याने १८६९ चा करार केलेला नाही एवढंच माझं म्हणणं. बाकी फ्री स्टेटबद्दल मला काही प्रेम असायचं कारण नाही. १८९१ च्या कायद्याने आपल्यासारख्या आशियाई लोकांना या प्रांतात राहायला आणि धंदा करायला बंदी होती, ती उठायला १९८० चं दशक उजाडलं. डर्बनचे माझे एक म्हातारे शेजारी सांगायचे, लहानपणी जोहान्सबर्गला जाताना फ्री स्टेटमध्ये त्यांचे वडील गाडी थांबवायचेच नाहीत. डबा गाडीतच खायचा. आणि तुम्ही त्याच प्रांतात फोरीसबर्गला रात्री आरामात झोपलात.

रानवाट
हे माहीत नव्हतं मला. चार वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. धन्यवाद दादा.

वेणू_
मग सीमेपलीकडे होते का आपले लोक?

जोबर्गकर
@वेणू, हो. बुथा-बुथे आणि लेरिबेकडे भारतीय व्यापाऱ्यांची जुनी घरं आहेत, बुथा-बुथेत मशीद आहे. इंग्रजांच्या काळापासून दुकानं. त्यातल्या म्हाताऱ्या माणसांची सेसुतु, म्हणजे तिथली भाषा, ऐकली तर आपलं मराठी-हिंदी विसरायला होतं, इतकी गोड. म्हणजे नदीच्या या काठावर बंदी आणि त्या काठावर दुकान.

सराटा
इतिहासातून जरा टायरवर या. पंक्चर किती झाली?

रानवाट
@सराटा, तुमचं नाव वाचूनच दचकलो. दोन झाली, आणि दोन्ही तुमच्यामुळे. रस्त्याकडेला नमस्कार करायला उतरलो की कच्च्यात चाक गेलंच. इथे त्याला डुबेलकी म्हणतात, मी काटा हातात घेतला तर हुबेहूब आपला सराटा, तोच पिवळ्या फुलाचा वेल. घरी येऊन पाहिलं, खरंच तीच वनस्पती, आपलं गोखरू.

सराटा
सोलापूरकडचा आहे, सराट्याशी जन्माचं नातं. ट्यूबलेस करा आणि सीलंट दर तीन महिन्यांनी बदला, कोरड्या हवेत लवकर सुकतं. ट्यूबच ठेवायची असेल तर काटा लगेच उपटू नका, आधी हवा जातेय का बघा. बऱ्याचदा काट्यानेच भोक बंद असतं, तसंच गाव गाठायचं.

मंदार_नाशिक
सराट्याला अनुमोदन. टायर ३८ मिलीमीटर रुंदीच्या खाली नको अशा रस्त्याला.

खंडू_माण
मी सायकलवाला नाही. ब्लँकेट आणि गुराखी वाचून थांबलो. आमचं घर धनगराचं, माण तालुक्यात. आजोबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, पावसाच्या तोंडाला परत. मी पाच वर्षाचा असल्यापासून वाड्यासंगं, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळासंगं. आमच्याकडं घोंगडी म्हणजे अंथरूण, पांघरूण, पावसात छत्री, पाहुणा आला तर बैठक, सगळं तेच. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ लावलेली, नवी असताना टोचते, जुनी झाली की पाण्याचा थेंब आत येत नाही.

तुम्ही सांगा, त्यांचं ब्लँकेट कशाचं? पिनेनं बांधतात म्हणतात ते खांद्यावर का गळ्याशी? मेंढरं कुठल्या जातीची? पोरं कुठं झोपतात?

रानवाट
@खंडू_माण, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. मला जे कळलं ते सांगतो. ब्लँकेट लोकरीचं पण गिरणीत विणलेलं, १८६० च्या सुमाराला एका व्यापाऱ्याने मुश्वेश्वेला एक भेट दिलं तिथून ते पसरलं म्हणतात, त्याआधी कातडी पांघरायचे. पुरुष खांद्यावर पिन लावतात, बायका छातीशी. त्यावर पट्टे असतात, ते उभे यायला पाहिजेत, आडवे नाही, उभा पट्टा म्हणजे वाढ. एका मुलाने माझ्यासमोर दुसऱ्याचं ब्लँकेट फिरवून नीट केलं.

मेंढ्या मेरिनो आणि बकरी अंगोरा, तिच्या लोकरीला मोहेर म्हणतात. जगात मोहेर काढणाऱ्या देशांत दक्षिण आफ्रिकेनंतर या एवढ्याशा देशाचा नंबर लागतो. ह्लोत्सेत बायका त्याच्या सतरंज्या विणताना बघितल्या, मागावर, पाय आणि हात एका तालात.

पोरं वर डोंगरात राहतात, "मोतेबो" म्हणतात त्या तळाला, दगडाची गोल झोपडी, वर गवत. उन्हाळाभर तिथेच, दोनतीन पोरं आणि कुत्री. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. शाळा सुटते ती सुटतेच.

खंडू_माण
शाळा सुटते ती सुटतेच. बरोबर लिहिलं. माझी चौथीत सुटलेली, परत सातवीचं वय झाल्यावर एका मास्तरांनी वाड्यावर येऊन आजोबांशी भांडून बसवलं. तुम्ही गोळीचं विचारलं ना. वाड्यावर आम्ही पोरं रस्त्याला लागलो की गाडीवाले काही काही द्यायचे. मला त्यातलं एकपण आठवत नाही. एक माणूस आठवतो, रोह्याच्या पुढं, मोटारसायकल बंद पडलेली, त्यानं मला पाना धरायला दिला. अर्धा तास पाना धरून बसलो. जाताना म्हणाला तुझ्यामुळं झालं रे. त्याचं तोंड अजून डोळ्यापुढं आहे.

सुलभाताई
खंडूभाऊ, ते मास्तर कोण होते त्यांना माझा नमस्कार सांगा, असतील तर.

खंडू_माण
नाहीत ताई. मागच्या वर्षी गेले. घरी सांगतो.

खवय्या_ठाणे
एवढं सगळं झालं पण दिवसभर खाल्लं काय ते कोणी विचारलंच नाही! चिक्की तर वाटून टाकलीत.

रानवाट
विचारलंत बरं केलं. सकाळी माकोएन्या. मैद्याचे आंबवलेले तळलेले गोळे, गरम, वर काही नाही, आतून मंगलोर बन्ससारखे पण गोड कमी. चार खाल्ले. दुपारी ह्लोत्सेत पापा आणि मोरोहो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सुरीने कापता येईल इतकी घट्ट, आणि पालेभाजी बारीक चिरून तेलावर परतलेली. हाताने खायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोतोहो. ज्वारीचं पीठ आंबवून केलेली पातळ आंबट लापशी. पहिला घोट घेतला आणि मी सरळ आजोळी, चैत्रातल्या आंबिलीवर. मीठ, ताक, ठेचलेला लसूण नव्हता एवढंच. ज्वारी मूळची आफ्रिकेचीच ना, म्हणजे आंबील तिच्या माहेरी पिऊन आलो.

घरांसमोर काठीला झेंडा लावलेला असतो, तोच फलक. पांढरा म्हणजे आज ज्वारीची बिअर तयार आहे, तिला जोआला म्हणतात. पिवळा मक्याच्या बिअरचा, लाल म्हणजे मटण, हिरवा म्हणजे भाजी. सायकलवरून लांबूनच कळतं पुढे काय मिळणार.

खवय्या_ठाणे
ज्वारीची जोआला! आणि लाल झेंडा दिसला की ब्रेक. हा देश माझाच आहे.

कोल्हापुरी_टायर
लाल झेंड्याला पांढरा जोडून आला की झालं मग, तांबडा-पांढरा. भावा, लय भारी.

ऋजुता_पायडल
एक कामाचा प्रश्न. मी मे महिन्यात डर्बनला बहिणीकडे जाणार आहे, हा रूट एकटीने करता येईल का? आणि भारतीय पासपोर्टवर व्हिसाचं काय?

जोबर्गकर
@ऋजुता, दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे का ते सगळ्यात आधी बघा. सिंगल असेल आणि तुम्ही पूल ओलांडलात तर परत येता येणार नाही, आणि बॅगा बहिणीकडे. लेसुतुचे नियम बदलत असतात, निघण्याआधी त्यांच्या दूतावासाकडून लेखी घ्या. एकटीने नको असं मी म्हणेन, निदान पहिल्यांदा नको. अंधार पडायच्या आत खोलीवर, हा नियम पुरुषांनाही. मे चांगला, कोरडा, पण पहाटे शून्याखाली जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारनंतर विजा आणि गारा, उघड्या पठारावर सायकल नको.

ऋजुता_पायडल
आभारी आहे दादा. दोघी असू मग. बहिणीला सायकलवर बसवते.

तानसा
बराच वेळ गप्प वाचत होतो. रानवाट, तुम्ही जोहान्सबर्गला नळाचं पाणी पिता ते कुठून येतं?

रानवाट
@तानसा, त्याच डोंगरांतून. आणि हे मला तिथे जाऊन नीट कळलं. १९८६ चा करार आहे दोन देशांत. आत डोंगरात कात्से धरण, १८५ मीटर उंच भिंत. तिथून बोगद्याने पाणी बुथा-बुथेजवळच्या मुएलाला येतं, वीज तयार होते, मग पुढचा बोगदा सीमेच्या नदीच्या खालून दक्षिण आफ्रिकेत जातो आणि तिथल्या नदीत सोडतात. १९९८ पासून चालू. दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवला होता २०२४-२५ मध्ये काही महिने, तेव्हा आमच्याकडे पाणी जपून वापरा म्हणून सूचना यायच्या. लेसुतुला त्याचे पैसे मिळतात, देशाच्या कमाईत तो मोठा भाग आहे. मी ज्या नदीवर पासपोर्ट घेऊन पाऊण तास रांगेत होतो तिच्या खालून पाणी विनाशिक्का जात होतं.

तानसा
म्हणूनच विचारलं. मी शहापूरचा. भातसा, तानसा, मोडकसागर, सगळं आमच्या तालुक्यात आणि सगळं पाणी मुंबईला. एप्रिल लागला की आमच्या पाड्यांवर टँकर. तुम्ही लिहिलंत ना, पोरं पाण्याचे कॅन ढकलगाडीवरून नेत होती. ते वाचलं तेव्हा मला वेगळा देश वाटलाच नाही. आमच्याकडे कोणी सायकलवाला आला तर आम्हाला त्याचा राग येत नाही, पण त्याने मुंबईचा असल्याचं सांगितलं की आई हमखास विचारते, पाणी येतं का रे दिवसभर?

सुलभाताई
तानसा, तुमच्या आईंचा प्रश्न वाचून काही सुचेना.

मंदार_नाशिक
मी माझं पहिलं उत्तर थोडं बदलतो. गोळी नको हे कायम. पण न थांबता निघून जायचं हे पण नको. आम्ही भंडारदऱ्याला थांबतच नाही आता, भीतीने. पुढच्या वेळी शाळेपाशी थांबून बघतो. खंडूभाऊंचा पाना डोक्यात राहिलाय.

चाकोरी
फोटो????

रानवाट
फोटो टाकलेत वर, उशीर झाला. आणि एक सांगायचंय, काल परत जाऊन आलो. तोच रस्ता, तोच चढ.

यावेळी आधी दुमेला सगळ्यांना, घाई नाही, त्यामुळे बुथा-बुथेला पोचायलाच दुपार झाली. तो मुलगा भेटला. मी चढावर यायच्या आधीच त्याने ओळखलं, ओरडत आला. पोरं जमली, मी सांगितलं स्वीट्स नाहीत. दोघंतिघं गेली निघून, बाकीची थांबली. सायकल उलटी केली सुलभाताई, तुम्ही सांगितलं तसं. घंटी इतकी वाजवली की समोरच्या घरातून आजी बाहेर आल्या, बघून परत आत गेल्या, खुर्ची घेऊन आल्या आणि बसून बघत राहिल्या. ती बारकी मुलगी दिसली नाही. विचारलं पण माझं सेसुतु तेवढं नाही आणि त्यांना कोण ते कळलं नाही.

मग तो मुलगा मला हाताला धरून घरामागे घेऊन गेला. तिथे एक सायकल. वीस इंची, लाल, सीट फाटलेली, एक पायडल नुसता दांडा, आणि चेन नाहीच. उतारावरून सोडतो म्हणाला आणि ढकलत वर आणतो. म्हणून ढकलायची एवढी सवय! मी माझं सामान उघडलं, माझ्याकडे माझ्या ११ गिअरच्या चेनची एक जादा कडी, तिचा त्याला काय उपयोग. चाकांत हवा भरली, पंप त्याने मारला, मी धरला. पायडलच्या दांड्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दिला.

तर मंदार, आता तुम्हालाच विचारतो. सिंगल स्पीड, मागे फ्रीव्हील, पुढचं दातेरी चाक मोजलं तर ३२ दात. चेन कुठली घेऊ? पायडल कुठलंही बसतं का?

मंदार_नाशिक
अर्धा इंच बाय एक अष्टमांश, साधी जाड चेन. तुमच्या ११ गिअरवाल्यांना ती दुकानात दाखवणार नाहीत, मागून घ्या, ११२ कड्यांची मिळते, त्याला जास्तच होईल, चेन कटर न्या आणि दोन चेन लॉक, म्हणजे चेनची टोकं जोडायच्या कड्या, न्या, एक हमखास गवतात पडतं. पायडलचं बघा, मुलांच्या सायकलला दोन मापं असतात, क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसतं तो हात, एकसंध वाकवलेल्या सळईचा असेल तर अर्धा इंच, तीन तुकड्यांचा असेल तर नऊ सोळांश. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्या पोराला दाखवा, त्यालाच आवळू द्या.

खंडू_माण
पाना त्याच्या हातात द्या.

रानवाट
लिहून घेतलं. क्रँक एकसंध होता बहुतेक, फोटोत बघतो. दोन्ही मापं घेऊन जातो.

सराटा
आणि वीस इंचाच्या दोन ट्यूब टाका बॅगेत. डुबेलकी त्याच्या पण दारात आहे.